वाकडा काना

परीक्षणासाठी आलेलं पाकीट पातळ होतं. आत एक सीडी, आठ पानांची माहितीपुस्तिका आणि संपादिकेची चिठ्ठी. ‘काका, घरच्या कंप्युटरसाठी छत्तीस फॉन्ट. नऊ वळणं, प्रत्येकाची चार रूपं. सगळी एकाच बाईंनी काढलीत म्हणे. दोन पानं राखून ठेवलीत तुमच्यासाठी.’

भिंगकाका हे नाव त्यांना छापखान्यात पडलं होतं, ते पुढे मासिकातही चिकटलं. एकोणीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले, अकरा वर्षं मुद्रितं तपासली. छापखान्यात कंप्युटर आले तेव्हा बरोबरचे बरेच जण घरी बसले. काकांनी मात्र माउस हातात धरला आणि पन्नाशीला आलेल्या माणसाने शिकावं तसं, चिडत चिडत, ते सगळं शिकून घेतलं. आता त्रेसष्टाव्या वर्षी ते घरगुती कंप्युटरच्या एका मासिकात दर महिन्याला सदर लिहीत. फॉन्ट, प्रिंटर, कागद, शाई, जे जे अक्षराशी संबंधित ते सगळं त्यांच्याकडे येई. दुकानदार ते सदर वाचून माल मागवत, किंवा मागवलेला परत पाठवत. काकांना हे ठाऊक होतं. त्यांना ते आवडतही होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी चार दिवस फॉन्ट पडद्यावर वापरायचे, अगदी घरचा माणूस वापरील तसे. पत्र लिहायचं, बरणीवरची चिठ्ठी करायची, शाळेतल्या मुलासाठी उतारा छापायचा. मग प्रत्येक फॉन्टचा एकेक कागद छापायचा आणि छापखान्यातलं जुनं पितळी भिंग त्यावर ठेवायचं. डावा डोळा मिटून, उजवा भिंगाला लावून.

पहिले चार दिवस काका खुशीत होते. “अगं, ही बाई कोण आहे कोण जाणे, पण हात आहे हं तिला,” असं त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी “असेल” म्हटलं. फॉन्टची स्तुती ही घरातली फार क्वचित घडणारी गोष्ट, पण म्हणून हातातली पालेभाजी बाजूला ठेवावी इतकीही मोठी नव्हती.

काकांनी वहीत लिहिलं: सातव्या वळणात जोडाक्षरं लहान आकारात जरा चेपतात. बाकी डौलदार. वेलांट्या मोकळ्या. लांब मजकूर वाचताना डोळा थकत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी छत्तीस कागद छापले, खिडकीशी टेबल ओढलं आणि पहिल्या कागदावर भिंग टेकवलं.

काना वाकडा होता.

फार नाही. मधोमध, बरोबर पोटाशी, एक हलका बाक. उभी रेघ सरळ येता येता जणू कुणीतरी कोपराने ढकलल्यासारखी. त्यांनी पुढचं अक्षर पाहिलं. तिथेही तसंच. शिरोरेघ पाहिली, तीही मध्ये लहरली होती. दुसरा कागद. तिसरा. नवव्या कागदापर्यंत येता येता काकांच्या कपाळावर आठ्या आल्या आणि विसाव्या कागदापर्यंत त्या गेल्या, कारण त्यांना उलगडा झाला होता.

ही अक्षरं काढलेली नव्हतीच. कुठल्यातरी जुन्या छापील पुस्तकांची पानं स्कॅन करायची, ती एखाद्या प्रोग्रॅमला खाऊ घालायची आणि त्याने आपोआप काढलेल्या कडा आपल्या नावावर विकायच्या, असा प्रकार चालतो हे त्यांना माहीत होतं. त्यात रेघा अशाच डगमगतात. छत्तीसच्या छत्तीस फॉन्टांत एकच दोष, म्हणजे एकच युक्ती.

खरं सांगायचं तर काकांना बरं वाटलं. ज्या माणसाकडे आता फक्त नजर उरली आहे, त्याला ती अजून धारदार आहे याचा पुरावा मिळाला की जसं बरं वाटतं तसं. चार दिवस आपण फसलो होतो याचा रागही त्यात मिसळला. त्याच दुपारी त्यांनी दोन पानं लिहून काढली आणि मथळा दिला, ‘उचललेली अक्षरं’.

संपादिकेचा फोन आला. ती काकांच्या मुलीच्या वयाची होती आणि त्यांचा मान ठेवून बोलायची.

“काका, चोरी हा शब्द ठेवायचाच का?”

“मग काय, उसनवारी म्हणू?”

“तसं नाही. पण त्या बाईंना एकदा फोन करून विचारायचं का? पुस्तिकेत नंबर दिलाय.”

“विचारून काय सांगणार ती? हो, मी चोरलेत, असं? मी डोळ्यांनी पाहिलंय.”

तीस वर्षांच्या डोळ्यांसमोर संपादिकेने हात टेकले आणि मजकूर जसाच्या तसा छापला.

अंक बाहेर पडून बारा दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. काकूंनी दार उघडलं. बाहेर चाळिशीतली एक बाई उभी होती. केस घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी आणि काखेत पुठ्ठ्याची हातभर लांब नळी.

“भिंगकाका इथेच राहतात ना? मी फॉन्टवाली,” ती म्हणाली. “उचललेली अक्षरं माझीच.”

काकूंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. काका आतल्या खोलीतून आले. तिला बसा म्हणावं की नाही हे त्यांना सुचेना, तोवर ती बसली होती.

“मी भांडायला आलेली नाही,” ती म्हणाली. शब्द ठरवून आणलेले होते. “मी पंधरा वर्षं नकाशांच्या कचेरीत रेखाटनाचं काम केलं. नद्या, रस्ते, गावांची नावं, सगळं हाताने. नंतर नऊ वर्षं घरी बसून ही अक्षरं काढली. एकेक काना किती वेळा काढलाय ते मलाच माहीत. तुम्ही लिहिलंत की मी ती स्कॅन करून उचलली. हे पाहा.”

तिने नळीतून कागदांची गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरली. वीतभर उंचीची अक्षरं, पेन्सिलच्या मदतीच्या रेघा, कडेला बारीक आकडे, पांढऱ्या रंगाने पुसून पुन्हा काढलेल्या वेलांट्या. काका वाकून पाहत राहिले. हे काम खरं होतं. तीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला ते कळायला भिंग लागत नाही.

“चित्रं चांगली आहेत,” ते म्हणाले. “पण यावरून कंप्युटरवर आणताना मग तुम्ही स्कॅनच केलं असणार. नाहीतर रेघा वाकड्या कशा?”

“कुठे आहेत वाकड्या? मला दाखवा. तेवढ्यासाठीच आलेय. धड्यांच्या पुस्तकांचा एक प्रकाशक माझा फॉन्ट घेणार होता. पहिली ते चौथी. त्याने तुमचं वाचलं आणि काम थांबवलंय. दुकानांतून फॉन्टचे डबे परत येतायत. माझी चूक असेल तर मी दुरुस्त करीन. पण मला दिसू तरी द्या.”

काकांनी कपाटातून छत्तीस कागद आणले, वरचा टेबलावर ठेवला, भिंग टेकवलं, एकदा स्वतः पाहून खात्री केली आणि बाजूला झाले. ती वाकली. बराच वेळ पाहत राहिली. भिंग हळूहळू सरकवत तिने सबंध ओळ पाहिली.

“सरळ आहे,” ती म्हणाली.

“नीट पाहा. मधोमध.”

“नीटच पाहतेय. सरळ आहे.”

काकांनी पुन्हा डोळा लावला. काना वाकडाच होता, आधीपेक्षा थोडा जास्तच. “हे बघा बाई, समोर दिसतंय ते नाही म्हणून कसं चालेल?”

“मी तेच म्हणतेय तुम्हाला!”

आवाज चढलेले ऐकून काकू बाहेर आल्या. हात पुसत त्यांनी विचारलं, “काय झालं एवढं? मी बघू?” आणि कुणी हो म्हणायच्या आत भिंगाला डोळा लावला. “सरळच दिसतोय की हो.”

“तुला काय कळतंय यातलं!”

“रेघ सरळ आहे की वाकडी एवढं कळायला काय छापखान्यात जायला लागतं?”

त्या बाईने पिशवीत हात घातला आणि एक पोलादी पट्टी काढली, नकाशांच्या कचेरीतली, कडेला बारीक खुणा असलेली. तिने ती कागदावर कान्याला लागून उभी ठेवली आणि भिंग तिच्यावर टेकवलं.

“आता बघा. काय दिसतंय सांगा.”

काकांनी डावा डोळा मिटला आणि वाकले. पोलादी पट्टीची कड मध्ये वाकलेली होती. त्यांनी पट्टी बोटाने थोडी वर सरकवली. पट्टी सरकली, बाक होता तिथेच राहिला. त्याच्या मध्यभागी एक करडा ठिपका होता, वाफ धरलेल्या काचेसारखा, जो त्यांना आजवर कागदावरचा डाग वाटला होता.

ते किती वेळ तसे वाकून राहिले हे नंतर त्यांना सांगता आलं नाही. फार वेळ नसावा. पण तेवढ्यात त्यांना सगळं समजलं होतं, हे मात्र खरं.

“काय दिसतंय?” तिने विचारलं.

“पट्टी सरळ आहे,” काका म्हणाले.

“आणि काना?”

“वाकडा.”

खाली बसून तिने कागद गोळा केले, एकेक करून, कडा जुळवत, काही घाई न करता. नळीचं झाकण लावलं. दारात थांबून ती काकूंना म्हणाली, “पाणी दिलंत, बरं वाटलं. येते.” आणि गेली.

काकूंनी दार लावलं. त्या तिथूनच म्हणाल्या, “तुम्हाला पट्टी कशी दिसली?”

“सांगितलं ना!”

“तिला सांगितलंत. मी विचारतेय.”

काका इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. काय ओरडले याला अर्थ नव्हता. तू माझ्या कामात नाक खुपसू नकोस, असंच काहीतरी. काकू आत निघून गेल्या आणि त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

पुढचे दोन दिवस काका घरभर एक डोळा मिटून फिरले. दाराची चौकट वाकडी. खिडकीचे गज वाकडे. न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघा मध्यावर एकमेकींकडे झुकलेल्या. समोरच्या इमारतीची कड पोटात लाथ बसल्यासारखी आत गेलेली. डावा डोळा उघडला की सगळं जागच्या जागी. उजवा मिटला की सगळं सुतासारखं सरळ. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी ते काकूंकडे पाहून म्हणाले, “एका डोळ्याने तुझा चेहरा नीट दिसत नाही मला.”

काकूंनी चपला घातल्या, आणि दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांनी थेंब घातले, यंत्रातून आत पाहिलं, चौकटी-चौकटींचा एक कागद समोर धरून कोणत्या रेघा वाकतात ते पेनाने काढायला सांगितलं. काकांनी काढलं. हात स्थिर होता.

“पडद्याचा मधला भाग आहे, तिथे आतून पाझर झालाय,” त्या म्हणाल्या. “हे किती दिवसांचं असेल?”

“मला कळलंच नाही.”

“कळत नाही कुणाला. डावा डोळा उजव्याची चूक झाकत राहतो. दोन्ही उघडे असले की पत्ता लागत नाही. पण सहा महिने तरी झाले असावेत. आत व्रण धरायला लागलाय. इंजेक्शनं देऊ, वाढू नये म्हणून. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही.”

“आणि डावा?” काकूंनी विचारलं.

“डाव्यात सुरुवात दिसतेय. लक्ष ठेवायला हवं.”

परत येताना रिक्षात काकांनी एकच गोष्ट विचारली. “सहा महिने म्हणाल्या ना गं त्या?” काकूंना वाटलं ते डोळ्याचा विचार करतायत. ते सहा महिन्यांतली सदरं आठवत होते. एका प्रिंटरबद्दल त्यांनी लिहिलं होतं की त्याच्या कडा नागमोडी येतात. एका जाड कागदाबद्दल, की त्यावर शाई मध्ये फुगते. भिंगाखाली पाहून.

संपादिकेला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. डोळा, दवाखाना, सगळं. पट्टीचं तेवढं सांगितलं नाही. ती आधी खूप हळहळली. मग हळूच कामावर आली.

“काका, आपण एक छोटी दुरुस्ती छापू. ‘फेरतपासणीत असं आढळलं की’ वगैरे. डोळ्याचं नको.”

“का?”

“लोक विचारतील ना, मग बाकीच्यांचं काय. तुमचं नाव आहे म्हणून ते सदर चालतं. आणि तुम्हालाही नको असेल हे चारचौघांत. अंक पाच दिवसांनी छपाईला जातोय. तुम्ही चार ओळी लिहून द्या.”

चार ओळी काकांनी लिहिल्या. फाडल्या. पुन्हा लिहिल्या. ‘फेरतपासणीत’ हा शब्द त्यांच्या गळी उतरेना, आणि खरं लिहायचा धीर होईना. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी त्यांनी संपादिकेला कळवलं की डोळ्यात इंजेक्शन आहे, या वेळी जमणार नाही, पुढच्या अंकात देतो. इंजेक्शन खरंच होतं. ते आदल्या दिवशी दुपारीच देऊन झालं होतं आणि डावा डोळा ठणठणीत होता.

तो अंक दुरुस्तीशिवाय निघाला. काकूंनी तो चाळून पाहिला आणि टेबलावर ठेवला. “यात नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

“पुढच्यात देतोय.”

“ती बाई महिनाभर काय करील?”

काकांनी तोंड फिरवलं. पण त्या वाक्याने त्यांची दुपारची झोप गेली, ती गेलीच. ते टेबलाशी बसत, तिचे कागद काढत आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचत. काय सुरेख अक्षर होतं ते! सातव्या वळणातली जोडाक्षरं तेवढी चेपत होती, बाकी बोट ठेवायला जागा नव्हती. हेच त्यांनी पहिल्या चार दिवसांत वहीत लिहिलं होतं. तेव्हाचं परीक्षण बरोबर होतं.

शेवटी एका सकाळी ते बसले आणि उठेपर्यंत दोन पानं झाली. डोळ्याचं लिहिलं. सहा महिन्यांतली तिन्ही परीक्षणं कोणती ते नावानिशी लिहिलं आणि ती मागे घेतली. ती बाई घरी आली होती हे लिहिलं, तिने पट्टी ठेवली हे लिहिलं, आणि पट्टीही वाकडी दिसत असताना आपण ती सरळ आहे असं सांगितलं, हेही लिहिलं.

संपादिका मजकूर वाचून स्वतः घरी आली. “काका, हे छापलं तर मला तुमचं सदर चालू ठेवता येणार नाही. मालक ऐकणार नाहीत.”

“माहीत आहे.”

“पट्टीचं तरी गाळू या. ते कुणाला ठाऊक आहे?”

“तिला आहे.”

वातावरण हलकं करावं म्हणून संपादिका म्हणाली, “मथळा ‘कानाडोळा’ देऊ का? शोभेल.”

काकूंना हसू आलं. काकांना नाही. “मथळा ‘माझी चूक’ असा दे,” ते म्हणाले. “विनोद नको.”

मजकूर पूर्ण छापून आला. त्याखाली तीन ओळींत सदर थांबवल्याची सूचना होती, आभारासह.

अंक हातात पडला त्याच दिवशी काका धड्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकाकडे गेले. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात पायऱ्यांच्या कडांचा अंदाज येईना म्हणून कठडा धरून चढले. प्रकाशक सभ्य माणूस होता. त्याने खुर्ची दिली, अंक वाचला, घडी करून ठेवला.

“वाईट वाटलं,” तो म्हणाला. “पण काका, आता काय उपयोग? पहिलीचं आणि दुसरीचं पुस्तक छापून झालं. दुसरा फॉन्ट घेतला. मागच्या महिन्यात आला असतात तर मी थांबलो असतो. आमचा विचार तेव्हा चालूच होता.”

“तिसरी-चौथी तरी?”

“पहिलीला एक अक्षर, तिसरीला दुसरं, असं कसं करू? आणि राग मानू नका, तेव्हा तुम्ही म्हणालात मी डोळ्यांनी पाहिलंय. आता म्हणता डोळाच गेला होता. मी तुमच्या कोणत्या म्हणण्यावर पुस्तकं छापू?”

‘मागच्या महिन्यात’ हे दोन शब्द घेऊन काका जिना उतरले.

तिचा पत्ता पुस्तिकेवर होता. फलक छापणाऱ्या एका दुकानाच्या मागे दोन खोल्या. दार उघडंच होतं. आत उतरतं टेबल, त्यावर ताणलेला कागद, शेजारी कंप्युटर, आणि भिंतीला उभे लावलेले न विकलेले डबे. ती कंप्युटरसमोर बसून कुठल्याशा दुकानाची पाटी जुळवत होती. तिने वळून पाहिलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

“वाचलं मी,” ती म्हणाली. “सकाळीच.”

“मी प्रकाशकाकडे जाऊन आलो. त्यांनी दुसरा फॉन्ट घेतलाय. मी उशीर केला. महिन्यापूर्वी लिहिलं असतं तर…”

“हो. मला कळवलंय त्यांनी.”

काका उभेच होते. ती पुन्हा पडद्याकडे वळली, पण हात थांबले होते.

“डोळा गेला त्याचं मला वाईट वाटतं,” ती म्हणाली. “खरंच. आमच्या कामात त्याहून वाईट काय असणार? आणि चूक झाली, तीही समजू शकते मी. तुम्हाला वाकडं दिसलं, तुम्ही वाकडं लिहिलंत. पण त्या दिवशी मी घरी गेले आणि आठ दिवस माझेच कागद पट्टी लावून तपासत बसले. एवढा मोठा माणूस पट्टी पाहून सांगतोय, म्हणजे माझ्याच डोळ्यांत काहीतरी असणार, असं वाटायला लागलं मला. स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला माझा. ते माफ कर, असं म्हणू नका.”

“म्हणणार नव्हतो,” काका म्हणाले. ते खरं नव्हतं. तेच म्हणायला ते आले होते.

“बसा हवं तर. चालत आलात.”

ते बसले नाहीत. काही मदत लागली तर सांगा, मुद्रितं तपासायची असली तर डाव्या डोळ्याने अजून चांगलं दिसतं, असं त्यांनी चाचरत सांगितलं. ती म्हणाली, “नको.” रागाने नाही, नुसतंच. मग पाटीतली दोन अक्षरं तिने थोडी जवळ आणली, थोडी लांब केली आणि काका दारातून बाहेर पडले.

पुढचं वर्ष दवाखान्याच्या फेऱ्यांत गेलं. उजव्या डोळ्याचा ठिपका मोठा होऊन थांबला. डावा अजून चालत होता, पण बारीक टाइप वाचवेना म्हणून काकू सकाळी वर्तमानपत्र आणि महिन्याला मासिक मोठ्याने वाचून दाखवत. काकूंना मध्येच शेरे मारायची सवय होती, त्यामुळे एक अंक संपायला चार दिवस लागत.

एका अंकात नव्या परीक्षकाचं सदर होतं. त्याने घरच्या कंप्युटरसाठी आलेल्या एका फॉन्टसंचाबद्दल लिहिलं होतं, नऊ वळणं, छत्तीस रूपं. संचाचं नाव वेगळं होतं, आणि करणाऱ्याच्या नावाच्या जागी फलकांच्या त्या दुकानाचं नाव होतं. परीक्षण बरं होतं. वापरायला सोपा, पत्रांसाठी चांगला, किंमत वाजवी, पाचपैकी साडेतीन. रेघांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

“साडेतीन?” काका म्हणाले. “साडेतीन कसे दिले त्याने?”

“का, जास्त झाले?”

“कमी. फार कमी.”

काकूंनी अंक खाली केला. “तिचा आहे का हो हा?”

काकांनी मान हलवली. जुन्या नावाने तो आता कुणी घेणार नव्हतं, म्हणून तिने नाव बदललं होतं, आणि ते कुणामुळे हे दोघांनाही ठाऊक होतं. काकूंनी पान उलटलं आणि पुढचा मजकूर वाचायला घेतला. तो कीबोर्ड कसा साफ करावा याविषयी होता.